राजा पाहुणा, प्रजासत्ताक यजमान

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



मे २०११ मध्ये इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ चार दिवसांसाठी आयर्लंडच्या प्रजासत्ताकात शासकीय पाहुणी म्हणून गेली. दोन्ही देशांच्या मध्ये समुद्राची एक अरुंद पट्टी आहे. ती ओलांडून डब्लिनला येण्यास ब्रिटिश राजमुकुटाला तब्बल शंभर वर्षे लागली. याआधी १९११ च्या जुलैत पाचवा जॉर्ज तेथे गेला होता, तेव्हा आयर्लंड त्याच्या राज्याचा भाग होते. मधल्या काळात बंड, फाशी, गोळीबार, फाळणी, यादवी, सारे काही घडून गेले. एका परक्या राणीचे शेजारच्या प्रजासत्ताकात स्वागत व्हावे की न व्हावे, यावर त्या मे महिन्यात आयर्लंडमध्ये जो वाद झाला, त्याचा विचार सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर डब्लिनमध्ये शोधण्याची गरज नाही. ते खटाव तालुक्यातल्या कटगुणात सापडते.

कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. हे ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे तिसरे चिरंजीव आणि मुंबई इलाख्याच्या लष्कराचे सेनापती. पुण्यातली सारी बडी मंडळी हिरे-मोती, शालजोड्या आणि पागोटी लेवून जमली होती. त्या झगमगाटात जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. बोलण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी पाहुण्यांना सांगितले की, या दालनातली मंडळी पाहून हिंदुस्थानच्या रयतेची परीक्षा करू नका. रयत खेड्यांत आहे, तिच्या अंगावर धड वस्त्र नाही, तिच्या मुलांना विद्या नाही, आणि हे आपल्या मातोश्रींच्या कानी घाला.

या प्रसंगाचे वर्णन नेहमी धैर्याचे उदाहरण म्हणून केले जाते. धैर्य तर त्यात होतेच. परंतु त्यात एक राजकीय सिद्धांतही दडलेला आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. जोतीरावांनी मेजवानीवर बहिष्कार घातला नाही. त्यांचे ब्रिटिश राज्याविषयीचे मत पुढच्या पिढीतील राष्ट्रीय पुढाऱ्यांसारखे नव्हते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण म्हणून ते तेथे मुजरा करायलाही गेले नाहीत. निमंत्रण स्वीकारावे, पाहुण्याचा मान ठेवावा आणि पाहुण्याला जे दाखवायचे यजमानांच्या मनात नाही नेमके तेच दाखवावे, हा त्यांचा मार्ग. राजाला भेटलेले लोक आणि राजाच्या भेटीविषयीचे लोकमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तोंडाने आणि पोशाखाने सांगितले.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या कॅनॉटच्या नावाने हा ड्यूक मिरवत होता, तो आयर्लंडच्या पश्चिमेकडचा प्रांत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात ज्या भागांची सर्वाधिक वाताहत झाली त्यांत तो होता. त्या दुष्काळात आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. म्हणजे आयर्लंडमधल्या भुकेल्या प्रांताची पदवी धारण करणाऱ्या राजपुत्रापुढे साताऱ्याकडचा माणूस दख्खनच्या भुकेल्या रयतेची कैफियत मांडत होता. १८७६-७७ चा दुष्काळ पडून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती.

१९११ साली पाचवा जॉर्ज जुलैत डब्लिनला आणि २ डिसेंबरला मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला. डब्लिनमध्ये समाजवादी पुढारी जेम्स कॉनोली याने कामगारांसाठी एक पत्रक काढून स्वागतापासून दूर राहण्याचे आवाहन केले होते. सिंहासनावरचा राजा आणि कारखान्यातला राजा हे एकाच व्यवस्थेचे दोन पाय आहेत, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. पाच वर्षांनी, १२ मे १९१६ रोजी, बंडात जखमी झालेल्या कॉनोलीला खुर्चीला बांधून गोळ्या घालण्यात आल्या. मुंबईत मात्र स्वागताला तोटा नव्हता. त्या स्वागताची आठवण म्हणून पुढे दगडी कमान उभी राहिली. तिच्याखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण मायदेशी गेली, हा इतिहासाने केलेला विनोद आहे.

दहा वर्षांत चित्र पालटले. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला त्या दिवशी असहकारितेची हरताळ होती. परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. बहिष्कार राजपुत्राच्या व्यक्तीवर नाही, त्याच्या भेटीचा राज्यकर्ते करू पाहत असलेल्या उपयोगावर आहे, अशी गांधीजींची भूमिका होती. ती शहराच्या रस्त्यावर टिकली नाही. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती, ज्यू मंडळींना जमावाने अडवले, मारले. उलट बाजूनेही तसेच झाले. चार-पाच दिवसांत पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि गांधीजींना उपवासाला बसावे लागले. लोकमताची एकजूट दाखवण्यासाठी पुकारलेल्या दिवशी लोकमत एक नाही हेच दिसून आले. चळवळीच्या इतिहासात हे पान घाईघाईने उलटले जाते. ते तसे उलटू नये.

आणि त्याच आठवड्यात, १९ नोव्हेंबरला, त्याच राजपुत्राच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसली. त्यामागे शाहू छत्रपतींचा पुढाकार होता. मुंबईत ज्याच्या येण्याचा निषेध म्हणून कापड जळत होते, त्याच्याच हातून पुण्यात शिवाजी महाराजांचे स्मारक सुरू होत होते. याला केवळ राजनिष्ठा म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. ज्यांना गावच्या पाटावर, शाळेत आणि कचेरीत बसू दिले जात नव्हते, त्यांना दूरच्या राजापेक्षा जवळचा भट-कुलकर्णी अधिक जाचक वाटत होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या काळच्या सातारा जिल्ह्यातील बहुजनांचे मत समजणार नाही. पण तेथेच थांबले तरी ते समजणार नाही. कारण सत्यशोधक जलशांनी नांगरलेल्या याच जमिनीत वीस वर्षांनी प्रतिसरकार उगवले. क्रांतिसिंह नाना पाटील सत्यशोधकी संस्कार घेऊनच पुढे आले. भट-सावकाराविरुद्ध विचार करायला शिकलेला शेतकरी शेवटी राजाविरुद्धही विचार करू लागला. एका भेटीच्या वेळचे मत हे त्या जनतेचे अखेरचे मत नसते.

१९४२ ते १९४६ या काळातल्या प्रतिसरकारची कथा या दोन जिल्ह्यांत पुन्हा सांगण्याची गरज नाही. तेव्हा तर हा एकच जिल्हा होता. दक्षिण साताऱ्याची वेगळी चूल १९४९ ची. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांचे साथी पडले. कुंडलच्या बाजूला तुफान सेना उभी राहिली. गावोगाव न्यायदान मंडळे बसली. लोकांनी राजाच्या नावाने चालणाऱ्या कोर्टाची पायरी चढणे सोडले आणि आपले तंटे आपणच तोडले. आयर्लंडमध्येही १९२० साली हेच घडले होते. ब्रिटिश न्यायालये ओस पडून आयरिश प्रतिनिधीसभेची न्यायालये चालू लागली होती. दोन शेतकरी समाजांनी राजाचे राज्य नाकारण्याची एकच रीत शोधावी, यात नवल नाही. राज्य शेवटी तलाठ्याच्या दप्तरात आणि मुन्सफाच्या निकालात असते, हे शेतकऱ्याइतके कोणाला कळते?

यानंतर वाटा फुटतात. १८ एप्रिल १९४९ रोजी आयर्लंड रीतसर प्रजासत्ताक झाले आणि राष्ट्रकुलातून बाहेर पडले. बरोबर दहा दिवसांनी, २८ एप्रिलला, लंडनच्या घोषणेनुसार होऊ घातलेल्या भारतीय प्रजासत्ताकाने राष्ट्रकुलात राहण्याचे ठरवले आणि ब्रिटिश राजाला या संघटनेचे प्रतीक मानले. समाजवाद्यांना तेव्हा हे पसंत नव्हते. पण नेहरूंच्या बाजूनेही युक्तिवाद होता आणि त्यात आर्थिक भाग मोठा होता. युद्धकाळात हिंदुस्थानातून उचललेल्या मालाच्या मोबदल्यात ब्रिटनकडे सुमारे १३० कोटी पौंडांची शिल्लक साठली होती. ज्याच्याकडे आपले येणे अडकले आहे त्याच्याशी एकाएकी वैर धरता येत नाही, हे बाजारपेठेत बसणारा कोणीही सांगेल.

जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ भारतात आली तेव्हा ती शिल्लक जवळजवळ संपली होती. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर भारत धनको राहिला नव्हता, ऋणको झाला होता. दुर्गापूरचा पोलाद कारखाना ब्रिटिश मदतीने उभा राहत होता. अशा वेळी राणी २६ जानेवारीच्या संचलनाची प्रमुख पाहुणी झाली. राजघाटावर तिने पुष्पचक्र वाहिले. जयपुरात हत्तींची मिरवणूक निघाली आणि तिच्या पतीने वाघ मारला. तेव्हा संस्थानिकांचे तनखे चालू होते, ते १९७१ पर्यंत चालले. दिल्लीपासून मुंबई-मद्रासपर्यंत लाखोंनी लोक रस्त्यावर उभे राहिले.

मुंबईत राणीचे आगमन झाले तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. कराडकडचा हा तरुण बेचाळीसमध्ये त्याच राणीच्या बापाच्या सरकारला चुकवीत भूमिगत फिरला होता, तुरुंगात गेला होता. अठरा-एकोणीस वर्षांत बंडखोर यजमान झाला, हा लोकशाहीचा विजय होय आणि त्याचे मोल कमी लेखू नये. काळ्या घोड्यावर बसलेले राणीचे पणजोबा, सातवे एडवर्ड, तेव्हा अजून जागेवरच होते. ते १९६५ साली राणीच्या बागेत हलवले गेले. डब्लिनने आपल्या संसदेसमोरची व्हिक्टोरिया १९४८ मध्येच हटवली होती.

मग १९६१ च्या स्वागतात चुकले काय? गर्दी करणाऱ्यांचे काही चुकले नाही. कुतूहल हा गुन्हा नव्हे. जत्रेला जाणारा प्रत्येक जण त्या देवाचा भक्त असतो असेही नाही. यजमान म्हणून प्रजासत्ताकाने पाहुणीला काय दाखवायचे, हा निर्णय मात्र सरकारचा होता आणि सरकारने ताजमहाल, हत्ती आणि संचलन निवडले. जालियनवाला बाग वाटेवर आली नाही. वडूज कशाला येते? जोतीरावांचा पोशाख घालून त्या दालनात कोणी गेले नाही. आणि या मौनाचा परतावाही पाहावा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारताने गोवा मुक्त केला, तेव्हा सुरक्षा समितीत भारतीय सैन्य मागे घ्यावे अशा ठरावाच्या बाजूने ब्रिटनने मत दिले. तो ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. मडगावला १८ जून १९४६ रोजी लोहियांनी जो लढा सुरू केला होता, त्याच्या शेवटच्या दिवशी अकरा महिन्यांपूर्वीचे पुष्पहार काही कामाला आले नाहीत.

जालियनवाला बागेत राणी गेली ती १४ ऑक्टोबर १९९७ रोजी, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी. तिने पादत्राणे काढली, मस्तक लववले. माफीचा शब्द उच्चारला नाही. आणि तिच्या पतीने तेथील फलकावर लिहिलेल्या मृतांच्या संख्येविषयी शंका काढली. सरकारी आकडा ३७९ चा, काँग्रेसच्या चौकशीचा हजारांवरचा. आकड्यांचा वाद संशोधनात अवश्य व्हावा. पण दुखवट्याला आलेल्या पाहुण्याने उंबऱ्यात उभे राहून हिशेब घालू नये, एवढी रीत आपल्याकडे अडाणी माणूसही पाळतो.

या पार्श्वभूमीवर डब्लिनकडे पाहावे. २०११ मध्ये आयर्लंडही कर्जबाजारी होते. बँका बुडाल्या होत्या, २०१० च्या अखेरीस ८५ अब्ज युरोंची मदत-योजना पत्करावी लागली होती आणि तिच्यात खुद्द ब्रिटनचेही कर्ज होते. म्हणजे १९६१ चा भारत आणि २०११ चे आयर्लंड ही दोन्ही प्रजासत्ताके पाहुणी आली तेव्हा हात आखडलेल्या स्थितीत होती. तरीही आयर्लंडने कार्यक्रम आखला तो असा. पहिल्याच दिवशी, १७ मे रोजी, राणीला स्मृतिउद्यानात नेले. ही बाग ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढताना मेलेल्यांची. ज्यांना तिच्या आज्याने राजद्रोही म्हणून गोळ्या घातल्या, त्यांच्यापुढे राणीने पुष्पचक्र वाहून मस्तक लववले. दुसऱ्या दिवशी क्रोक पार्क. २१ नोव्हेंबर १९२० रोजी या मैदानावर खेळ पाहायला जमलेल्या लोकांवर ब्रिटिश दलांनी गोळ्या झाडल्या आणि चौदा जण मारले. त्या रात्रीच्या मेजवानीत राणीने भाषणाचा आरंभ आयरिश भाषेतून केला. ज्या भाषेची इंग्रजी राज्यात शतकानुशतके पीछेहाट झाली, त्या भाषेतले चार-पाच शब्द. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढून मेलेल्या आयरिश शिपायांच्या स्मारकालाही तिला नेले. त्या शिपायांना खुद्द आयर्लंड दीर्घकाळ विसरले होते. हे सर्व यजमानाने ठरवून घडवले. भाषणे दोन्ही बाजूंनी गोड झाली, पण खरे भाषण त्या चार ठिकाणांनी केले.

म्हणून तेथील लोकमत एकमुखी झाले असे मात्र नव्हे. शिन फेन पक्षाने समारंभांत भाग घेतला नाही. डब्लिनचे रस्ते पोलिसांनी इतके मोकळे केले होते की, ज्या लोकांच्या वतीने समेट व्हायचा ते लोक अडसरांच्या पलीकडे उभे होते. निदर्शकही तेथेच आणि बघेही तेथेच. कॉर्कच्या बाजारात राणी मासळीच्या गाळ्यापाशी थांबून हसली, तेव्हा कुठे सामान्य माणूस जवळ आला. शिन फेनच्याच कॅशेलच्या नगराध्यक्षाने तिच्याशी हस्तांदोलन केले आणि पुढल्या वर्षी बेलफास्टमध्ये मार्टिन मॅकगिनेस यांनीही केले. लोकमत असे एकेका हाताने बदलते.

सर्वांत मोलाचा विरोध मात्र घोषणा देणाऱ्यांचा नव्हता. १७ मे ही तारीख आयर्लंडमध्ये दुसऱ्याही कारणाने स्मरणात आहे. १९७४ साली त्या दिवशी डब्लिन आणि मोनाहन येथे झालेल्या बाँबस्फोटांत ३३ लोक ठार झाले. यात ब्रिटिश सुरक्षायंत्रणेतील काहींचा हात होता का, याची कागदपत्रे ब्रिटनने दाखवावीत, अशी मृतांच्या नातलगांची वर्षानुवर्षांची मागणी. सदतीस वर्षांनी नेमक्या त्याच दिवशी राणी उतरली आणि नातलगांनी तीच मागणी पुन्हा केली. त्यांना राणीचा अपमान करायचा नव्हता. त्यांना कागद हवे होते. मस्तक लवले, कपाटे उघडली नाहीत.

सभ्य स्वागत आणि भडक निषेध यांच्या गदारोळात ही तिसरी मागणी दर वेळी हरवते. पुढे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राजा तिसरा चार्ल्स केनियाला गेला. त्यानेही खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. पण माऊ माऊ लढ्यात छळ सोसलेल्या ५,२२८ वृद्धांना ब्रिटनकडून १ कोटी ९९ लाख पौंडांची भरपाई २०१३ मध्येच मान्य झाली होती. ती त्यांनी न्यायालयात दावा लावून, ब्रिटनने दडवलेले दप्तर बाहेर काढायला लावून मिळवली. राजाच्या खेदाची त्यांनी वाट पाहिली नाही.

साताऱ्याचा माणूसही एके काळी असाच दप्तर घेऊन लंडनला गेला होता. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत केल्यावर रंगो बापूजी वर्षानुवर्षे तेथे अर्ज करीत राहिले. कंपनीने १८४८ मध्ये उरलेसुरले राज्यही खालसा केले. रंगो बापूजी परतले आणि सत्तावनच्या कटात शिरले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना फासावर, तोफेच्या तोंडी आणि बंदुकीपुढे मारण्यात आले. राणी एलिझाबेथचे निधन झाले ते २०२२ मधल्या ८ सप्टेंबरलाच. त्याच दिवशी दिल्लीत, जेथे १९६८ पर्यंत पाचव्या जॉर्जचा पुतळा होता त्या छत्रीखाली सुभाषबाबूंचा पुतळा बसला. तीन दिवसांनी भारतभर राष्ट्रध्वज राणीच्या दुखवट्यासाठी अर्ध्यावर उतरवण्यात आला. शेजाऱ्याच्या घरी कोणी गेले तर दुखवटा पाळावा, यात वावगे काही नाही. पण त्या आठवड्यात गेंडामाळाची आठवण किती वर्तमानपत्रांनी काढली, हे ज्याने त्याने आपल्या घरची रद्दी चाळून पाहावे.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आली. दर्शनाला गावोगावचे लोक लोटले. ही तीच वाघनखे आहेत याची खात्री ते संग्रहालय स्वतः देत नाही, आणि आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर, त्या घराण्यातील राणी आणि तिच्या पतीच्या नावाच्या संस्थेतून. लोकांच्या भावनेची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्या भूमीने छत्रपतींची स्मृती जपली तिला त्या पेटीपुढे भरून आले तर ते स्वाभाविक आहे. मात्र उसनी आणलेली वस्तू पाहायला जेवढी गर्दी झाली तेवढी मागणी कागदांसाठी का होत नाही? प्रतापसिंहांवरच्या आरोपांची चौकशी, सत्तावनच्या खटल्यांचे कागद, बेचाळीसच्या गुप्त पोलिसी टिपणे, दुष्काळातल्या साऱ्याच्या वसुलीचे तक्ते, यांतले जे लंडनला आहे त्याची विनामूल्य प्रत सातारा आणि सांगलीच्या वाचनालयांत असावी, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात बसू शकते. ती खर्चाचीही नाही.

राजघराण्यांविषयी बोलताना घरचेही पाहिले पाहिजे. साताऱ्याच्या मतदारांनी छत्रपतींच्या वंशजांना अनेकदा लोकसभेत पाठवले, ऑक्टोबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव केला आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून दिले. कोणाला कोणता निकाल आवडेल हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न. राजाला मत मागायला दारात यावे लागते आणि रिकाम्या हातीही परतावे लागते, हे त्या निकालांतून शाबीत झाले. ज्या मतदाराला हे जमते त्याला परक्या राजाचे स्वागत करताना कमीपणा वाटण्याचे कारण नाही, आणि त्याला प्रश्न विचारताना भीती वाटण्याचेही नाही.

उद्या चार्ल्स राजा भारतात आला तर दिल्ली त्याला जेवण देईल, मुंबई उद्योगपतींच्या भेटी घडवील. काळे झेंडे दाखवायचे की नाही यावर शाखांतून चर्चा होतील आणि त्या व्हाव्यात. पण दौऱ्याचा एक दिवस मागून घेण्याचा ठराव या दोन जिल्ह्यांनी करायला हरकत नाही. सकाळी गेंडामाळ. तेथून वडूजची कचेरी, मग कुंडल. शेवटी कटगुण. जेवण तेथेच द्यावे, खटावच्या दुष्काळी रानातल्या ज्वारीच्या भाकरीचे. आणि पाहुण्याशेजारी कोणाला बसवायचे ते गावाने ठरवावे.